लेखणीचा धनी : डॅनियल डिफोच्या घडणीचा एक अभ्यास

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या गावच्या शाळेला ग्रंथालय नव्हते. एक पत्र्याची पेटी होती. त्या पेटीत ‘रॉबिन्सन क्रूसो’चे एक लहानसे मराठी रूपांतर होते. पुठ्ठा गेलेला, शेवटची पाने उंदरांनी कुरतडलेली. क्रूसो बेटावरून सुटतो की नाही, हे मला कॉलेजात येईपर्यंत माहीत नव्हते. गेल्या वर्षी इंग्रजीच्या तासाला सरांनी या पुस्तकाचा विषय काढला आणि जाता जाता म्हणाले, “हा लेखक साठीच्या जवळ आल्यावर कादंबरीकडे वळला. त्याआधी तो राजकारण्यांचा पगारी सल्लागार होता, सरकारचा गुप्त हेरही होता.”

मला हे वाक्य लागले. का लागले ते या लेखाच्या शेवटी सांगेन. पण त्या दिवसापासून मी कॉलेजच्या ग्रंथालयात डिफोची चरित्रे शोधू लागलो. प्रस्तुत लेखात त्याच्या कादंबऱ्यांचे रसग्रहण करण्याचा हेतू नाही. तो माझा अधिकारही नाही. एका मेणबत्तीवाल्याचा मुलगा मंत्र्यांचा सल्लागार कसा झाला, कोणाचाही नोकर म्हणून नाव न लावता लेखणीवर कसा जगला, आणि त्याची त्याने काय किंमत मोजली, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

घर, पंथ आणि शिक्षण

डिफोचा जन्म १६६० च्या सुमारास लंडनमध्ये झाला. त्याच्या वडिलांचे नाव जेम्स फो. ते चरबीच्या मेणबत्त्यांचा धंदा करीत. आडनावाआधीचा ‘डि’ मुलाने पुढे, पस्तिशीच्या आसपास, स्वतःच लावून घेतला. कुलीन घराण्याचा भास व्हावा म्हणून त्याने तसे केले असावे, असे चरित्रकार म्हणतात. या गोष्टीला हसणे सोपे आहे. पण ज्यांनी कॉलेजात आल्यावर आपल्या गावाचे नाव सांगताना शेजारच्या मोठ्या शहराचे नाव सांगितले आहे, त्यांनी तरी हसू नये.

हे कुटुंब ‘डिसेंटर’ होते. म्हणजे इंग्लंडच्या सरकारमान्य चर्चचे नियम न मानणाऱ्या प्रॉटेस्टंट लोकांपैकी होते. या लोकांना सरकारी हुद्दे बंद होते. ऑक्सफर्डला प्रवेश घेतानाच सरकारमान्य चर्चची तत्त्वे मान्य असल्याची सही करावी लागे आणि केंब्रिजला त्याशिवाय पदवी मिळत नसे. त्यामुळे विद्यापीठाचे दरवाजे डिफोला जन्मतःच लागलेले होते.

तथापि बंद दरवाजाबाहेर राहिलेल्यांनी आपल्या शाळा काढल्या होत्या. लंडनच्या उत्तरेला न्यूइंग्टन ग्रीन येथे चार्ल्स मॉर्टन नावाच्या विद्वान धर्मोपदेशकाची अशीच एक अकादमी होती. डिफो तेथे शिकला. विद्यापीठांत शिक्षण लॅटिनमधून चाले. मॉर्टन मात्र इंग्रजीतून शिकवी. इतिहास, भूगोल, विज्ञान, चालू भाषा हे विषय तेथे होते. माझ्या मते डिफोच्या साध्या, बोलत्या गद्याचे मूळ येथे आहे. ज्याला मायबोलीतून विचार करावयास शिकविले गेले, त्याने बाजारातल्या माणसाला कळेल असे लिहिले यात नवल नाही. हाच मॉर्टन पुढे अमेरिकेत गेला आणि हार्वर्ड कॉलेजचा उपाध्यक्ष झाला.

डिफोने धर्मोपदेशक व्हावे अशी घरची इच्छा होती. त्याने ती वाट सोडली आणि व्यापार धरला.

व्यापार आणि दिवाळे

पायमोजे व कापड, मद्य, तंबाखू असा नाना प्रकारचा व्यापार त्याने केला. १६८४ मध्ये त्याचे मेरी टफ्ली या मुलीशी लग्न झाले. तिने ३,७०० पौंड हुंडा आणला. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती. पुढच्याच वर्षी राजा दुसरा जेम्स याच्याविरुद्ध मन्मथच्या ड्यूकने बंड पुकारले, त्यात हा नवा नवरदेव सामील झाला. बंड फसले. अनेकांना फाशी झाली. डिफो वाचला आणि १६८७ मध्ये त्याला माफी मिळाली.

राजकारणात जीव वाचला. धंद्यात मात्र नाही. फ्रान्सशी युद्ध सुरू असताना त्याने जहाजांच्या विम्यात पैसा घातला होता. पाण्याखाली बुडी मारण्याच्या यंत्रात घातला होता. अत्तरासाठी कस्तुरीसारखा सुगंधी द्रव देणारी सत्तरेक जवादी मांजरेही विकत घेतली होती. १६९२ मध्ये दिवाळे निघाले. डोक्यावर कर्ज होते १७,००० पौंड.

हा आकडा लक्षात ठेवला पाहिजे. डिफोच्या पुढील आयुष्यातील बहुतेक निर्णयांचा खुलासा या आकड्यात आहे. धनको कधीही पकडून तुरुंगात घालू शकत होते. त्याने टिलबरी येथे विटा-कौलांचा कारखाना काढून बरेचसे कर्ज फेडले, परंतु सगळे कधीच फिटले नाही.

दिवाळखोरीने त्याला एक गोष्ट दिली. व्यवहार कसा चालतो हे त्याने आतून पाहिले. १६९७ मध्ये त्याचा ‘एसे अपॉन प्रोजेक्ट्स’ हा ग्रंथ निघाला. बँका, रस्ते, परस्परसाहाय्याचे विमा-संघ, दिवाळखोरांसाठी माणुसकीचा कायदा आणि स्त्रियांच्या शिक्षणासाठी अकादमी अशा योजना त्यात आहेत. राज्यकर्त्याला सल्ला देणारा डिफो येथे प्रथम दिसतो. अजून मात्र सल्ला विचारणारा कोणी नव्हता.

पत्रकांचा बाजार

एका माणसाच्या अंगी गुण असून भागत नाही; त्या गुणाला गिऱ्हाईक लागते. ते त्याच वेळी तयार झाले. १६९४ मध्ये दर तीन वर्षांच्या आत निवडणूक घेण्याचा कायदा झाला. १६९५ मध्ये छपाईवर पूर्वपरवानगीचे बंधन घालणाऱ्या कायद्याची मुदत संपली आणि पार्लमेंटने तो पुन्हा चालू केला नाही. एकीकडे वारंवार निवडणुका, दुसरीकडे मोकळे छापखाने. १६९५ ते १७१५ या वीस वर्षांत इंग्लंडमध्ये दहा सार्वत्रिक निवडणुका झाल्या. व्हिग आणि टोरी हे दोन पक्ष एकमेकांवर तुटून पडत होते, आणि त्यांना लिहिणारे हात हवे होते.

‘स्वतंत्र लेखक’ हा पेशा अशा रीतीने जन्माला आला. तोपर्यंत लेखक हा बहुधा कोणा सरदाराच्या आश्रयाला असे. आता तो पुस्तकविक्रेत्याच्या दारात उभा राहिला. एक मालक सुटला, अनेक मालक आले.

या बाजारात डिफोचे नाव १७०१ मध्ये गाजले. राजा तिसरा विल्यम हा डच होता. परक्याचे राज्य नको अशी ओरड चालू होती. डिफोने एका दीर्घ उपरोधिक कवितेत इंग्रजांना त्यांची वंशावळ ऐकविली. शुद्ध इंग्रज म्हणून कोणी नाहीच, स्वारी करून आलेल्या नाना जमातींच्या मिश्रणातून हे राष्ट्र झाले आहे, असा तिचा रोख होता. कविता अफाट खपली. चोरट्या आवृत्त्याही निघाल्या, आणि त्यांचा पैसा अर्थातच लेखकाला मिळाला नाही.

चौकातला खोडा

१७०२ च्या मार्चमध्ये विल्यम वारला आणि अॅन राणी गादीवर आली. डिसेंटरांवर पुन्हा संकट दिसू लागले. त्या डिसेंबरात एक निनावी पत्रक निघाले. या पंथाच्या उपदेशकांना फासावर चढवा आणि अनुयायांना देशोधडीला लावा, असा सल्ला त्यात होता. कट्टर टोरी खूश झाले; डिसेंटर घाबरले. पुढे कळले की हे लिहिणारा स्वतः डिसेंटरच आहे, त्याचे नाव डिफो, आणि त्याने विरोधकांचा आवाज हुबेहूब काढून त्यांची थट्टा केली आहे.

थट्टा कोणालाच मानवली नाही. टोरी फसले म्हणून चिडले, डिसेंटर भ्याले म्हणून चिडले. सरकारने त्याला पकडून देणाऱ्यास ५० पौंडांचे बक्षीस लावले. सरकारी गॅझेटात त्याचे वर्णन छापले : मध्यम उंची, सडसडीत अंग, बाकदार नाक, करडे डोळे, तोंडाजवळ मोठा तीळ. डिफो कसा दिसे हे आपल्याला नीट कळते ते या जाहिरातीमुळे! १७०३ च्या मे महिन्यात तो सापडला. शिक्षा झाली ती दंडाची, बेमुदत तुरुंगवासाची, आणि तीन दिवस चौकात खोड्यात उभे राहण्याची. मान आणि हात फळीत अडकवून माणसाला गर्दीपुढे उभे करीत, आणि लोक कुजकी फळे, चिखल, प्रसंगी दगड मारीत. २९, ३० आणि ३१ जुलै या दिवशी लंडनच्या तीन गजबजलेल्या ठिकाणी त्याला असे उभे केले. लोकांनी दगडांऐवजी फुले टाकली अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, त्याने खोड्यावरच एक कविता लिहून ती त्याच दिवसांत विक्रीस आणली, ही गोष्ट मात्र खरी आहे.

पण कवितेने कुटुंब जगत नाही. तो न्यूगेटच्या तुरुंगात असताना टिलबरीचा कारखाना बुडाला. बायको आणि मुले उघड्यावर आली.

हार्लेचा माणूस

या वेळी रॉबर्ट हार्ले हा मुत्सद्दी पुढे आला. तो तेव्हा हाउस ऑफ कॉमन्सचा सभापती होता आणि पुढच्या वर्षी मंत्री झाला. लोकमत ही एक शक्ती आहे आणि ती घडविता येते, हे ज्या थोड्या लोकांनी त्या काळी ओळखले होते त्यांत हार्ले होता. त्याने नोव्हेंबर १७०३ मध्ये डिफोची सुटका करविली. दंडही सरकारी पैशातून भरला गेला. उपकार झाले होते; आता परतफेड सुरू झाली.

डिफोने हार्लेसाठी काय केले, हे पाहिले की ‘राजकीय सल्लागार’ या शब्दात आज जे जे येते ते बहुतेक सापडते.

पहिले म्हणजे वृत्तपत्र. १९ फेब्रुवारी १७०४ रोजी ‘रिव्ह्यू’ सुरू झाले आणि ११ जून १७१३ पर्यंत चालले. बहुतेक काळ ते आठवड्यातून तीनदा निघे आणि जवळजवळ सर्व मजकूर एकटा डिफो लिही. वाचकांना ते एका स्वतंत्र माणसाचे पत्र वाटे. त्यामागे हार्लेचा पैसा होता, हे वाचकांना माहीत नव्हते.

दुसरे म्हणजे पाहणी. १७०४ आणि १७०५ मध्ये डिफो टोपणनावाने इंग्लंडभर हिंडला. कोणत्या गावात कोणाचे वजन आहे, न्यायाधीश कोणाच्या बाजूचे आहेत, मते कोठे पडतील, हे तो लिहून कळवी. प्रत्येक गावात आपला एक बातमीदार असावा आणि तो दुसऱ्या बातमीदाराला ओळखत नसावा, अशी योजनाच त्याने हार्लेला लिहून दिली होती.

तिसरे म्हणजे मन वळविणे. त्याचे मोठे उदाहरण स्कॉटलंडचे.

एडिंबरो, १७०६

इंग्लंड आणि स्कॉटलंड यांची पार्लमेंटे एक करावयाची असा करार १७०६ च्या जुलैत झाला होता. तो स्कॉटिश पार्लमेंटने मान्य करावयाचा होता, आणि स्कॉटिश जनता खवळलेली होती. त्या शरद ऋतूत हार्लेने डिफोला एडिंबरोला पाठविले. ऑक्टोबरात शहरात दंगल झाली. कराराला अनुकूल असलेल्या एका माजी नगरप्रमुखाच्या घरावर जमाव चालून गेला.

डिफो तेथे कोण म्हणून राहिला? हे त्याने हार्लेला स्वतःच मोठ्या खुशीत कळविले आहे. ग्लासगोच्या लोकांपुढे तो मासळीचा व्यापारी होता, अबर्डीनच्या लोकांपुढे लोकरीचा, पर्थच्या लोकांपुढे तागाच्या कापडाचा. कोठे घर घेऊन स्थायिक होण्याची भाषा, कोठे इतिहास लिहिण्याची. व्यापारात पोळलेल्या माणसाला व्यापाऱ्याचे सोंग जड गेले नसेल. यातील गमतीचा भाग असा की सोंगाखाली खरा माल होता. कर आणि व्यापार यांची आकडेमोड त्याला खरोखरीच येत होती, आणि पार्लमेंटच्या समित्या त्याचा सल्ला घेत. त्याने कराराच्या बाजूने पत्रकामागून पत्रके काढली. १६ जानेवारी १७०७ रोजी करार मंजूर झाला आणि १ मेपासून ग्रेट ब्रिटन हे एक राज्य झाले.

तो हेर आहे हे त्या वेळी उघडकीस आले असते, तर जमावाने त्याच्या चिंधड्या केल्या असत्या, असे पेनिक्युइकचे सर जॉन क्लार्क यांनी पुढे नमूद केले आहे. दुसरीकडे हार्लेकडून पैसे वेळेवर येत नव्हते. परक्या गावात, जिवाच्या भीतीत, आपण कोणाचे आहोत हे कोणालाही न सांगता तो मंत्र्यांना खर्चासाठी पत्रे लिहीत होता.

१७०९ मध्ये त्याने या एकीकरणाचा मोठा इतिहास छापला. मात्र त्यात स्वतःच्या खऱ्या कामगिरीचा पत्ता लागू दिला नाही. कराराने स्कॉटलंडचा व्यापार भरभराटीस येईल असे आश्वासन त्याने पत्रकांतून दिले होते. वीसेक वर्षांनी ब्रिटनच्या प्रवासवर्णनात त्याने कबूल केले की, ग्लासगोसारखी ठिकाणे सोडली तर ती भरभराट आलेली नाही. ही कबुली मला महत्त्वाची वाटते. प्रचारकाने जे लिहिले ते लेखकाने पुढे तपासून पाहिले.

धनी बदलले, हात तोच

१७०८ च्या फेब्रुवारीत हार्लेचे मंत्रिपद गेले. डिफो त्याच्या संमतीने गोडॉल्फिनच्या, म्हणजे व्हिगांकडे झुकलेल्या सरकारच्या सेवेत गेला. १७१० मध्ये गोडॉल्फिन पडला, हार्ले परत आला, डिफोही परत आला. ‘रिव्ह्यू’चा सूर त्याप्रमाणे फिरला. वाचकांना फिरणे दिसले, कारण दिसले नाही.

याच हार्लेने जोनाथन स्विफ्ट यालाही लिहिते केले होते. स्विफ्ट हा डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजचा पदवीधर. तो हार्लेच्या पंक्तीला बसे. डिफोला त्या पंक्तीला पाट नव्हता. तो मागील दाराने येई. स्विफ्टने एका पत्रकात त्याचा उल्लेख खोड्यात उभा केलेला तो कोणी इसम, नाव आठवत नाही, अशा थाटात केला आहे. १७१० मध्ये तर त्याने ‘रिव्ह्यू’च्या कर्त्याला अडाणी म्हणून हिणविले. ज्याला विद्यापीठाने दार लावले, त्याला विद्यापीठात शिकलेल्याने अडाणी म्हणावे! डिफोला ही जखम पुष्कळ दिवस सलत होती आणि त्याने आपल्या भाषाज्ञानाची बाजू छापून मांडली होती.

१७१४ मध्ये हार्ले पुन्हा पडला, राणी वारली, पहिला जॉर्ज आला आणि व्हिगांचे राज्य सुरू झाले. जुन्या चरित्रकारांची समजूत होती की डिफोने येथे राजकारण सोडले. १८६४ मध्ये सरकारी कागदपत्रांत त्याची १७१८ सालची काही पत्रे सापडली आणि ती समजूत गेली. डिफो आता व्हिग सरकारचा माणूस म्हणून नथॅनिएल मिस्ट याच्या टोरी साप्ताहिकात बसला होता. टोरी वाचकांसाठी टोरी भाषेत लिहावयाचे, पण मजकुरातला दंश काढून टाकावयाचा, हे त्याचे काम होते. ज्यांचा आपल्याला तिटकारा आहे त्यांच्यात बसून मान डोलवावी लागते, अशी तक्रारही त्या पत्रांत आहे.

मग १७१९ साल उजाडले. २५ एप्रिलला ‘रॉबिन्सन क्रूसो’ निघाले. मुखपृष्ठावर लेखकाचे नाव नव्हते. स्वतः क्रूसोनेच लिहिल्याचा निर्वाळा होता. पाच वर्षांत ‘मॉल फ्लँडर्स’, प्लेगच्या सालाची रोजनिशी आणि ‘रॉक्साना’ ही पुस्तके आली. दुसऱ्याचा आवाज काढण्याची जी विद्या त्याला एकदा खोड्यात घेऊन गेली, मासळीवाल्याच्या सोंगात कामी आली आणि मिस्टच्या कचेरीत लाजिरवाणी झाली, तीच विद्या आता कादंबरी झाली. आयुष्यभर तो खोट्या नावाने खरे अहवाल लिहीत आला होता. कादंबरी म्हणजे तरी दुसरे काय?

२४ एप्रिल १७३१ रोजी तो लंडनच्या एका गल्लीत मरण पावला. जुन्या देण्यापायी तेव्हाही तो धनकोंपासून लपून होता. १८७० मध्ये इंग्लंडमधल्या मुलामुलींच्या वर्गणीतून त्याच्या थडग्यावर स्तंभ उभारला गेला. त्याने नक्की किती लिहिले यावर अजून वाद आहे. एका अभ्यासकाची यादी पाचशेवर गेली होती. पुढे फरबँक आणि ओवेन्स या दोघांनी तिच्यातली जवळजवळ निम्मी नावे संशयास्पद ठरविली. निनावी लिहिणाऱ्याची ही शिक्षा म्हणावी लागेल. त्याने केलेले त्याच्या नावावर राहत नाही, आणि न केलेले चिकटते.

माझा हिशेब

आता सुरुवातीस राहिलेले सांगतो.

मी आमच्या घरातला कॉलेजात आलेला पहिला. वडील बाजारपेठेत हमाली करतात. मी प्रथम वर्षात असताना गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. कॉलेजात शिकतो, भाषा बरी आहे, म्हणून एका पॅनेलच्या लोकांनी मला पत्रक लिहावयास सांगितले. हजार रुपये देऊ केले. परीक्षेचा फॉर्म भरावयाचा होता. मी लिहिले.

विरुद्ध पॅनेलने स्त्रियांच्या राखीव जागेवर एक निरक्षर बाई उभी केली होती. “अंगठेबहाद्दरांच्या हाती गावाचा कारभार देणार का?” असे एक वाक्य मी पत्रकात घातले. लोकांना ते फार आवडले. लाउडस्पीकरवरून ते चार दिवस घुमत होते. तिसऱ्या दिवशी विरुद्ध पॅनेलचा एक जण माझ्याकडे आला. पहिले पत्रक कोणी लिहिले हे त्याला ठाऊक नव्हते. “याला सणसणीत उत्तर पायजे,” असे म्हणून त्यानेही हजार रुपये काढले. मी तेही लिहिले. कष्टकऱ्यांच्या अंगठ्याला हसणाऱ्यांनी त्याच अंगठ्याने मळलेली भाकरी खाल्ली आहे, असे काहीतरी त्यात होते. दोन्ही पत्रकांखाली छापखान्याचे नाव होते. माझे कोठेच नव्हते.

दोन्ही पत्रके आमच्या घरातही आली. आई म्हणाली, “वाच की रं, काय लिवलंय त्यात?” आईला वाचता येत नाही. रेशनच्या दुकानात ती अंगठा लावते. मी दोन्ही वाचून दाखविली. पहिल्यातले ते वाक्य गाळावे असे मनात आले, पण ते तिने लाउडस्पीकरवर ऐकलेच होते. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “दोन्ही एकाच माणसानं लिवल्यागत वाटत्यात.” आणखी काही न बोलता ती चुलीकडे गेली.

ती उमेदवार बाई थोड्या मतांनी पडली. माझ्या वाक्यामुळे पडली असे समजण्याइतका मी मोठा नाही. पण त्यानंतर रस्त्यात ती दिसली की मी वाट बदलतो. मी कोण हे तिला माहीत नाही, म्हणूनच बदलतो.

समारोप

डिफोचा पेशा आज जुना राहिलेला नाही. उलट तो आता राजरोस आहे. अमेरिकेत १९३३ मध्ये क्लेम व्हिटेकर आणि लिओन बॅक्स्टर या दोघांनी निवडणुका चालविण्याची पहिली कंपनी काढली. १९३४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदासाठी अप्टन सिंक्लेअर हा कादंबरीकार उभा होता, तेव्हा त्याच्याच कादंबऱ्यांतल्या पात्रांची वाक्ये त्याची मते म्हणून छापून त्यांनी त्याला पाडण्यास हातभार लावला. आपल्याकडे प्रशांत किशोर यांनी २०१४ मध्ये भाजपसाठी, २०१५ मध्ये बिहारात त्याच पक्षाच्या विरोधी आघाडीसाठी, आणि २०२१ मध्ये तृणमूल काँग्रेस व द्रमुक यांच्यासाठी काम केले. हे सारे उघड होते. कोण कोणाचे काम करतो हे मतदारांना कळत होते. माझ्या मते हा फरक लहान नाही.

मग डिफोला भाडोत्री म्हणावे काय? माझे मत असे झाले आहे. ज्याच्यामागे १७,००० पौंडांचे कर्ज आहे आणि ज्याला जन्मामुळे हुद्दे बंद आहेत, त्याने लेखणीचे मोल घेतले म्हणून त्याला नावे ठेवू नयेत. मजुरी घेणे हे पाप नाही; माझे घर मजुरीवरच चालते. शिवाय प्रॉटेस्टंट राजगादी, डिसेंटरांना मोकळीक आणि व्यापाराची वाढ या गोष्टी त्याने धनी बदलले तरी बहुतांशी सोडल्या नाहीत. जेथे तो चुकला ते पैसे घेण्यात नव्हे, तर वाचकाला आपण कोणाचे आहोत हे कळू न देण्यात. माझे वडील पोते उचलतात तेव्हा ते कोणाचे आहे हे साऱ्या बाजाराला दिसते. शब्दांच्या पोत्यावर मात्र मालकाचा शिक्का दिसत नाही; तो आपणच मारावा लागतो.

या वर्षी शेजारच्या गावातून पत्रकासाठी निरोप आला होता. मी दोन अटी सांगितल्या : खाली माझे नाव छापावयाचे, आणि कोणाच्या शिक्षणावर एक अक्षरही असणार नाही. निरोप घेऊन आलेला माणूस पुन्हा आला नाही. या सत्राची फी भरावयाची बाकी आहे. पण वार्षिकासाठी लेख मागविल्याची सूचना फलकावर लागली, तेव्हा हा लेख लिहिला, आणि घरी जाऊन आईला वाचून दाखविला. इंग्लंडचे सगळे तिने ऐकून घेतले. शेवटी विचारले, “आन् ह्यात तुझं नाव छापनार का?”

छापणार, असे मी तिला सांगितले आहे.